स्क्रीनमधला मोहल्ला आणि त्याचे भाडे

रमजान ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलाची अम्मी मला भेटायला आली. हातात नवऱ्याचा मोबाईल आणि त्यात बँकेचे तीन मेसेज, प्रत्येकी तीनशे रुपये गेल्याचे. "टीचर, हा म्हणतो मी ईदचे कपडे घेतले. कपडे तर आम्ही शिवून दिले होते. मग हे कुठले कपडे, आणि आहेत कुठं?"

कपडे मोबाईलमध्येच होते. एका खेळातल्या बाहुल्याच्या अंगात निळे जॅकेट. मुलाची फुफी कुवेतला असते. तिची दोन मुले, आपला हा आणि गल्लीतला एक दोस्त असे चौघे रोज रात्री त्या खेळात भेटतात. इकडची इशा झाली की तिकडे मगरिबची वेळ जवळ आलेली असते, तेवढा तास-अर्धा तास त्यांचा. "खेळतो कमी टीचर, बसतो जास्त," तो म्हणाला. ईदला चौघांनी एकसारखे घालायचे ठरवले होते.

वडिलांचा पिन न विचारता वापरणे ही चोरीच, हे मी त्याला अम्मीसमोर स्पष्ट सांगितले. त्यानेही मान खाली घातली. पण घरी जाताना मला आमचे दादा आठवले. ईदच्या आधी ते एकाच ताग्यातून कापड आणत. जुन्या फोटोत आम्ही अकरा चुलत-आते भावंडे एकाच छापाची दिसतो. त्या मुलाने केले ते फार वेगळे नव्हते. वेगळे होते ते कापड. आमचे कापड आमचे होते. मला आखूड झाले की धाकटीला, तिला आखूड झाले की उशीला अभ्रा. हे निळे जॅकेट कोणाचे? नऊशे रुपये देऊन त्या मुलाने नेमके काय घेतले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी मुलांच्या खेळांपेक्षा जुन्या एका जागेपर्यंत गेले. तिचे नाव सेकंड लाइफ. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातील लिंडन लॅब या कंपनीने ती 2003 साली सर्वांसाठी खुली केली. कंपनीचे संस्थापक फिलिप रोझडेल. तिला खेळ म्हणणे चूक ठरेल, कारण तिथे ना शत्रू, ना गुण, ना जिंकणे-हरणे. आपण एक बाहुले, म्हणजे अवतार, घ्यायचे आणि त्या जगात राहायला लागायचे. घर, झाड, खुर्ची, कपडे, सगळे तिथल्या रहिवाशांनीच बनवायचे. कंपनी देते ती फक्त जमीन, आभाळ आणि नाणे. नाण्याचे नाव लिंडन डॉलर, आणि ते खऱ्या पैशांत बदलता येते. साधारण अडीचशे लिंडन डॉलरला एक अमेरिकन डॉलर असा भाव बरीच वर्षे टिकून आहे.

कोणी म्हणेल, रिकामटेकड्यांचा उद्योग. मलाही आधी तसेच वाटले. पण तिथे कोण जात होते ते वाचले तेव्हा मत बदलले. बोस्टनजवळ सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही प्रौढांचा एक गट होता. हात-पाय साथ देत नाहीत, बोलणे कष्टाचे. ते सर्व मिळून एकच अवतार वापरत, आणि त्या जगात चालत, उडत, शेजाऱ्यांशी बोलत. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी तिथले रहिवासी वर्षानुवर्षे निधी गोळा करत आले आहेत, आणि तो पैसा खऱ्या रुग्णालयांच्या, खऱ्या संशोधनाच्या कामी जातो. भाषा शिकवणारे होते, आजारपणात एकमेकांना धीर देणारे होते. माणसे जिथे रोज भेटतात तिथे मोहल्ला तयार होतो, मग जमीन मातीची असो की काचेमागची.

मोहल्ला झाला की जमिनीच्या भावाचा प्रश्न येतोच.

अगदी पहिल्या वर्षी कंपनीने कर लावला होता. जो जितके जास्त बांधेल त्याला तितका जास्त कर, दर आठवड्याला. म्हणजे ज्यांनी मेहनत करून ते जग सुंदर केले त्यांनाच भुर्दंड. एका गटाने तिथे अमेरिकेतल्या प्रसिद्ध इमारतींच्या प्रतिकृती उभारल्या होत्या. कर परवडेना, तेव्हा त्यांनी 2003 च्या उन्हाळ्यात बंड केले. ठिकठिकाणी चहाच्या अवाढव्य पेट्या उभ्या केल्या. 1773 साली बोस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला होता, त्याची ती आठवण. कंपनीला ऐकावे लागले. वर्षअखेरीस तो कर गेला आणि जमिनीची पद्धत आली: जमीन घ्या आणि तिच्या आकाराप्रमाणे दरमहा शुल्क भरा. त्याच सुमारास कंपनीने आणखी एक गोष्ट जाहीर केली, की रहिवासी जे बनवतील त्याचे हक्क त्यांचेच राहतील. त्या काळात असे म्हणणारी दुसरी कंपनी क्वचितच असेल. त्याचे श्रेय द्यायला हवे.

मग बाजार फुलला. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्रेफ या भाषाशिक्षिकेने (माझ्याच पेशातल्या, म्हणून मुद्दाम सांगते) तिथे मोठमोठे तुकडे घेऊन, सजवून, लहान-लहान करून भाड्याने दिले. 2006 च्या मे महिन्यात बिझनेसवीक या अमेरिकन साप्ताहिकाने त्यांच्या अवताराचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्याच वर्षाच्या अखेरीस, आपली तिथली मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेली, असे त्यांनी जाहीर केले. ही बातमी जगभर पोचली आणि माणसे धावत सुटली.

ज्या जमिनीकडे ती धावली तिचा भाव असा होता. 256 मीटर लांब आणि तितकेच रुंद असे एक पूर्ण बेट. 2006 पर्यंत त्याचे महिन्याचे शुल्क 195 डॉलर होते. त्या वर्षी नोव्हेंबरात ते नव्या ग्राहकांसाठी 295 डॉलर झाले. तेव्हाच्या हिशोबाने जवळपास तेरा हजार रुपये, दर महिन्याला, पाय ठेवता न येणाऱ्या जमिनीसाठी. म्हणून सामान्य माणूस बेट घेत नसे. तो एखाद्या बेटवाल्याकडून कोपरा भाड्याने घेई. बेटवाल्याने शुल्क थकवले तर कोपऱ्यातले भाडेकरूही त्याच्याबरोबर रस्त्यावर. आपल्याकडची पागडी आणि पोटभाडेकरू ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

2008 साली याहून वाईट घडले. कंपनीने स्वस्त प्रकारची बेटे काढली होती, महिना 75 डॉलर. मूळ कल्पना अशी की ती समुद्र, जंगल, मोकळी हवा म्हणून वापरावीत. पण लोकांना मोकळी हवाच हवी होती. ते तिथे घरे बांधून राहू लागले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सांगितले की या बेटांचा वापर मर्यादेबाहेर होतो आहे, जानेवारीपासून शुल्क 125 डॉलर. एका फटक्यात दोन-तृतीयांश वाढ. निषेध झाला, मोर्चे निघाले, बाहुल्यांच्या हातात फलक होते. कंपनी थोडी नमली. वाढ दोन टप्प्यांत केली, आधी 95, मग 125. ज्यांना 75 च द्यायचे होते त्यांच्या बेटांवर बांधकामाची कडक मर्यादा आली. अनेकांनी बेटे सोडून दिली. कंपनीचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही. ज्या यंत्रांवर हे जग चालते त्यांचा खर्च असतोच. पण घर बांधून झाल्यावर भाव वाढवणाऱ्याशी घासाघीस कशी करायची? घर उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कारण ते दुसरीकडे उभेच राहत नाही.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त लागला तो 2010 चा निर्णय. तोपर्यंत शाळा, विद्यापीठे आणि सेवाभावी संस्थांना शुल्कात निम्मी सूट होती. कितीतरी विद्यापीठांनी तिथे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालये उभारली होती. ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की सूट बंद. शाळेचा पैसा वर्षाआधी मंजूर होतो, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा. मधेच दुप्पट शुल्क कोण देणार? अनेकांनी गाशा गुंडाळला, काही जण अशाच दुसऱ्या फुकट किंवा स्वस्त जगांत गेले. 2013 साली कंपनीने सूट पुन्हा दिली. पण उठून गेलेली शाळा परत त्याच जागी भरत नाही.

याच जमिनीवर मशिदीही उभ्या राहिल्या. स्पेनमधल्या कुर्तुबाच्या जामा मशिदीची प्रतिकृती तिथे बांधली गेली. खरी मशीद 1236 पासून चर्च आहे आणि तिथे मुसलमानांना नमाज पढता येत नाही. काचेमागच्या त्या कमानींखाली दुरून आलेली माणसे बसून बोलत. मशिदीत शिरताना बूट काढा, अशी सूचना अवतारांना मिळे. डिसेंबर 2007 मध्ये इस्लामऑनलाइन या संस्थेने हजचे स्थळ तयार केले. एहराम, काबा, मिना, अराफात, मुझदलिफा, जमरात, सगळे क्रमाने. ही इबादत नव्हे, हजला जाणाऱ्यांसाठी सराव आणि इतरांसाठी ओळख, असे तिथे स्पष्ट केलेले होते. आमच्या ओळखीतल्या कित्येक वृद्धांना हजच्या आधी कॅम्पमध्ये तक्त्यावर खडूने रेघोट्या मारून मार्ग समजावतात. त्यांना हे नक्कीच आवडले असते.

पण मशिदीखालची जमीन कोणाची? हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा त्यांनी ती अल्लाहच्या मार्गात दिली. अट अशी की ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. वक्फ म्हणजे हेच. गावात एखाद्या दानशूर बाईने शंभर वर्षांपूर्वी दिलेल्या तुकड्यावर आजही अजान होते, कारण ती जमीन कोणाच्या मर्जीवर उरलेली नाही. (मर्जी चालवणारे नंतर येतातच, आणि वक्फच्या जमिनींचे काय होते ते आपण पाहतोच, पण निदान कोर्टात उभे राहायला आपल्याकडे कागद असतो.) सेकंड लाइफमधली मशीद मात्र कोणीतरी दरमहा शुल्क भरेल तोवरच. ज्या महिन्यात भरणारा आजारी पडला, कंटाळला किंवा वारला, त्यानंतर ते बेट नकाशावरून जाते आणि कमानी-मिनार मालकाच्या सामानाच्या पेटाऱ्यात परत पडतात. अशा जागेचा वक्फ होऊ शकतो का? मी आलिमा नाही, फतवा देणार नाही. आपल्या उलेमांनी या प्रश्नावर लिहावे असे मात्र मनापासून वाटते, कारण आपली पुढची पिढी अशा जमिनीवर बसून दीन शिकू लागली आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका वकिलाने लिलावाची एक फट शोधून तिथली जमीन स्वस्तात घेतली. कंपनीने ती जप्त केली आणि खातेच बंद केले. तो कोर्टात गेला. त्याचे म्हणणे, तुम्हीच तर सांगत होता की जमीन तुमच्या मालकीची होते. तंटा लवादाकडूनच सोडवून घेतला पाहिजे, अशी जी अट कंपनीने करारात घातली होती, ती 2007 साली न्यायाधीशांनी अन्यायकारक ठरवली. पुढे दोघांनी तडजोड केली, त्यामुळे मालकीच्या मूळ प्रश्नावर निकाल आलाच नाही. आज अशा सर्व कंपन्यांच्या अटी वाचा. नाणे म्हणजे पैसा नाही आणि वस्तू म्हणजे मालमत्ता नाही, वापरण्याची मर्यादित परवानगी, तीही कंपनी देईल तोवर, असेच लिहिलेले सापडेल. 'स्वीकारा' हे बटण आपण वाचल्याशिवाय दाबतो.

आणखी एक प्रकरण आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे. सेकंड लाइफमध्ये बँकाही निघाल्या होत्या. त्यातल्या जिन्को फायनान्शियल नावाच्या बँकेने ठेवीवर वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज कबूल केले. जुलै 2007 मध्ये कंपनीने जुगारावर बंदी घातली, ठेवीदार घाबरून पैसे काढायला धावले, आणि ऑगस्टमध्ये बँक बुडाली. खऱ्या पैशांत सुमारे साडेसात लाख डॉलर गेले. जानेवारी 2008 मध्ये कंपनीने नियम केला की सरकारी परवाना नसलेल्या कोणीही तिथे व्याज द्यायचे नाही. जुगार आणि व्याज, दोन्ही सहा महिन्यांत बंद, आणि तेही अमेरिकन कंपनीने, धर्माच्या नव्हे तर नुकसानीच्या भीतीने. आपण हसू नये. बेंगळुरूच्या आयएमएने 'हलाल नफा' म्हणून हजारो मुस्लिम घरांची बचत घेतली आणि 2019 साली ती कशी बुडाली, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता पुन्हा मुलांकडे. त्यांची आजची जगे सेकंड लाइफइतकी मोकळी नाहीत. तिथे नाणे आत जाते, सहसा बाहेर येत नाही. रोब्लॉक्स या 2006 पासूनच्या जगात मुले स्वतः खेळ बनवतात, म्हणून तिथे थोडे बाहेर येते. पण किती? अनेक वर्षे दर असा होता की 10,000 रोबक्स घ्यायला साधारण 100 डॉलर, आणि बनवणाऱ्याने तेच 10,000 परत दिले तर हातात 35 डॉलर. मी हे वर्गात फळ्यावर मांडले. नफा-तोट्याचे गणित सातवीत झालेले असूनही मुलांनी दोनदा विचारले, टीचर, आकडा चुकला का?

रुपयांऐवजी हिरे, नाणी, रोबक्स का असतात, हेही फळ्यावरच उघडे पडते. वस्तू 450 हिऱ्यांची, आणि हिऱ्यांचे पाकीट 310 किंवा 520 चे, असे धरा. नेमके हवे तेवढे कधी मिळत नाही. काही उरतात, उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा पाकीट. शिवाय मुलाच्या डोक्यात ते नऊशे रुपये राहत नाहीत, फक्त हिरे उरतात. काही खेळांत तर पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने 2018 साली अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवले. किमार म्हणजे काय हे आपल्या मकतबमधल्या मुलाला तोंडपाठ असते, पण ही पेटी त्यात बसते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. फोर्टनाइट खेळाची कंपनी एपिक हिच्यावर अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने ठपका ठेवला की बटणे अशी ठेवली आहेत की मुलांकडून नकळत खरेदी होते. डिसेंबर 2022 मध्ये कंपनीने ग्राहकांना परत देण्यासाठी 24 कोटी 50 लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. तेव्हा दोष नेहमी मुलाचाच असतो असे नाही.

त्या अम्मीला मी मोबाईल काढून घ्यायला सांगितले नाही. कुवेतच्या भावांशी होणारी रोजची भेट त्याच मोबाईलमधून होते, आणि ती भेट खरी आहे. पिन बदला, खरेदीला प्रत्येक वेळी परवानगी लागेल अशी सोय फोनमध्ये करून घ्या, एवढे सांगितले. नऊशे रुपयांचे काय, असे तिने विचारले. मी म्हटले, ईदी मिळाली असेल ना? त्यातून फेडेल. तो तीनशे आणि तीनशे देऊन बसला आहे, शेवटचे तीनशे बकरी ईदला.

मुलाला मी एकच काम दिले. ते जग उद्या बंद झाले तर तुमच्या चौघांचे काय उरेल, हे भावांना विचारून ये. डिस्नेचे क्लब पेंग्विन 2017 साली बंद झाले तेव्हा लाखो मुलांची बर्फाची घरे एका दिवसात गेली, हे मी त्याला सांगितले होते. दोन दिवसांनी तो उत्तर घेऊन आला. मोठ्या भावाने सांगितले होते की जॅकेट जाईल, चौक जाईल, पण आपला व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मग त्याने स्वतःहून पुढे जोडले, "पण टीचर, ग्रुपवर शेजारी बसल्यासारखं वाटत नाही."

त्या महिन्यात मराठीच्या निबंधाला विषय होता 'माझा मोहल्ला'. त्याने गल्लीतली मशीद लिहिली, बेकरी लिहिली, गटाराचे अर्धवट काम लिहिले. शेवटचा परिच्छेद त्या चौकावर होता, जिथे एक झाड आहे, पाऊस कधी पडत नाही आणि फुफीचा मोठा मुलगा नेहमी उशिरा येतो. मी दहापैकी सात गुण दिले. तीन ऱ्हस्व-दीर्घाचे गेले.